परतून येणारा वास

खोट्या आरोपाचे ओझे विलक्षण असते. ते दुसऱ्याच्या माथी ठेवणाऱ्याला क्षणभर आपले खांदे मोकळे झाल्याचा भास होतो. परंतु ज्याच्या माथी ते येते त्याला ते कशाचे आहे हेच कळत नाही, आणि म्हणून ते कुठे उतरवावे हेही उमगत नाही. अशा वेळी सत्य शोधणाऱ्यावर दुहेरी दायित्व येते. एकाचे ओझे उतरवायचे, आणि ते उतरवताना दुसऱ्याला त्याखाली चिरडले जाऊ द्यायचे नाही. पहिले काम बुद्धीचे आहे. दुसरे कशाचे, हे वहिनींना इतक्या वर्षांनंतरही सांगता आले नसते.

त्या दुपारी त्या आपल्या लहानशा कचेरीत, समोरच्या स्टुलावर पाय ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. डोक्यावरचा पंखा वारा कमी देत होता आणि कुरकुर अधिक करीत होता. हरवलेली माणसे आणि घरातल्या चोऱ्या यांचा शोध घेण्याचे हे कार्य मूळचे त्यांच्या यजमानांचे. ते निवर्तल्यावर दारावरची पाटी उतरवण्यासाठी म्हणून वहिनी आल्या, घटकाभर खुर्चीवर टेकल्या, आणि त्या आजतागायत टेकलेल्याच होत्या.

त्यांचे धाकटे दीर बँकेतून निवृत्त होऊन त्यांच्या मदतीला आले होते. वहिनी त्यांना भावजी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. भावजींची वहिनींच्या बुद्धीवर नितांत श्रद्धा होती, आणि स्वतःच्या बुद्धीवर त्याहून किंचित अधिक.

"आज कोणी आलं नाही तर बरं होईल," वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या.

"आलंय," भावजी म्हणाले.

दारात एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ उभा होता. हात घासूनपुसून धुतलेले, तरी नखांच्या कडांशी वंगणाची काळी रेघ उरलेली. मोटारींच्या वातानुकूलन यंत्रणा दुरुस्त करण्याचे त्याचे गॅरेज होते. त्याला सारे मिस्त्री म्हणत.

"बाई, चोरी झालेली नाही, कोणी पळून गेलेलं नाही," तो म्हणाला. "वासाचं प्रकरण आहे. हसू नका."

"हसायला अंगात त्राण लागतं," वहिनी म्हणाल्या. "बसा. सांगा."

मिस्त्री खुर्चीच्या काठावर बसला.

"एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत. आता रिटायर झालेत. त्यांच्या गाडीत ए.सी. लावला की घाण वास येतो. मी साफ करून देतो, थोडे दिवस बरं चालतं, की परत वास. तीनदा झालं असं."

"साफ करता म्हणजे काय करता?"

"गाडीत हवा गार होते ती एक जाळी असते, कॉइल. तिच्यावर पाणी सुटतं. ते नळीवाटे खाली गळून गेलं तर ठीक, ओल राहिली तर बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो. मी कॉइलवर औषधाचा फेस मारतो, नळी मोकळी करतो, हवेचा फिल्टर नवा टाकतो. झालं. शंभरातल्या नव्वद गाड्यांचा वास एवढ्याने जातो."

"आणि ही उरलेल्या दहांतली," भावजींनी भर घातली. मिस्त्रीने त्यांच्याकडे केविलवाणे पाहिले.

"तिन्ही वेळा वास एकच होता का?" वहिनींनी विचारले. त्यांनी आता डोळे उघडले होते.

मिस्त्री थांबला. "नाही, बाई. बरं विचारलंत. पहिल्या वेळी कुबट होता, ओलं फडकं कोंबून ठेवल्यासारखा. नेहमीचाच. नंतरच्या दोन्ही वेळा आंबट. बाळाची बाटली धुवायची राहिली की येतो ना, तसा."

"फिल्टर कसे निघाले?"

"पहिला धुळीने भरलेला. पुढचे दोन्ही कडक झाले होते, खळ घातलेल्या कापडासारखे. एवढ्या थोड्या दिवसांत कसे, म्हणून नवल वाटलं. पण कामाचा रेटा असतो, दिले फेकून."

"आणि आता डॉक्टर काय म्हणतात?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "म्हणतात, पुन्हा काम मिळावं म्हणून मीच आत काहीतरी टाकतो. त्यांची मुलगी मोठ्या हॉस्पिटलचा कारभार बघते. तिथल्या ॲम्ब्युलन्सच्या ए.सी.चं काम माझ्याकडे आहे. उद्या सकाळी त्यांची मीटिंग आहे, त्यात ते काढून घेणार. माझी माणसं त्या कामावर जगतात, बाई. पण त्याहून वाईट म्हणजे, पेशंट आडवा करून नेतात त्या गाडीत हा माणूस घाण टाकतो, असं लोक म्हणतील. मग मी कुणाच्या गाडीला हात लावू?"

वहिनींनी पाय स्टुलावरून खाली घेतले आणि चपला शोधल्या.

"भावजी, गाडी काढा. आणि काचा उघड्या ठेवा. आज ए.सी. या शब्दाचाच मला शीण आलाय."

*

डॉक्टरांचे घर बैठे आणि नीटनेटके होते. त्याच्या कडेला, शेजारच्या वकिलांच्या घराला लागून, दोन्ही घरांच्या दोन गाड्या मावतील अशी सामाईक पत्र्याची शेड होती. जमिनीवर मधोमध पांढरी रेघ होती. डॉक्टरांची करडी गाडी त्या रेघेवर डावे चाक ठेवून उभी होती. तिच्या डाव्या दारांवर जुने-नवे ओरखडे होते. उजवी बाजू आरशासारखी स्वच्छ.

गाडी धुणारा आपली बादली घेऊन निघण्याच्या बेतात होता. वहिनींनी त्याला थांबवले.

"तुम्ही बॉनेटखाली ओलं फडकं वाळत घालता का हो?" भावजींनी त्याला एकदम विचारले. फडक्याचा वास त्यांच्या मनातून गेला नव्हता.

"मी कशाला घालीन? तिथे वाळतं का कधी?" तो भडकला. "आधीच डॉक्टर ओरडतात. मी पुसायचं आणि पक्ष्यांनी घाण करायची."

"कुठे करतात?" वहिनींनी विचारले.

"ही बघा की." त्याने पुढच्या काचेखालची जागा दाखवली. वायपरच्या तळाशी काळ्या प्लास्टिकची आडवी जाळी होती. तिच्या अलीकडे, बॉनेटच्या काठावर, पांढुरके ठिपके वाळले होते. "दर वेळी इथेच. गाडी गॅरेजातून आली की मी पुसून लखलखीत करतो, दोन-चार दिवसांनी पुन्हा ठिपके. आज पुसायचे राहिलेत."

वहिनींनी मान वर करून पत्र्याकडे पाहिले. कुठे घरटे नव्हते, बसायला दांडा नव्हता. मग त्या वाकल्या. मुंग्यांची एक बारीक रांग पुढच्या चाकावरून चढून, बॉनेटच्या फटीतून, त्या जाळीखाली नाहीशी होत होती.

त्यांनी ठिपक्यावर नख ओढले. पापुद्रा निघाला. तो त्यांनी हुंगला आणि काहीही न बोलता हात रुमालाला पुसला. भावजींनी तोंड वाकडे केले. पक्ष्याची विष्ठा हुंगणे हे त्यांच्या मते शोधकार्याच्या मर्यादेबाहेर होते.

इतक्यात कुंपणापलीकडून वकील आले. हातात झाडांच्या खताची पाटी होती, आणि तिच्यातून माशाच्या कुटाचा दर्प येत होता. भावजींनी वहिनींना कोपर मारले.

"तुम्ही त्या वासासाठी आलात ना?" वकील म्हणाले. "माझ्यावर संशय असेल तर खुशाल घ्या. पण आधी माझी कुंडी बघा. फोडली त्यांनी. त्याआधी माझ्या गाडीचा आरसा. दर वेळी म्हणतात, अरे, तुमची कुंडी मध्ये आली. कुंडी चालत येते का हो?"

"पूर्वीपासूनच असं होतं?"

"छे. माणूस गाडी अशी लावायचा की रेघ आखावी. या वर्षभरातच झालंय हे. म्हातारपण." वकिलांनी पाटी खाली ठेवली. "तरी पूर्वी गाडी बाहेर तरी जायची, तेवढा वेळ मला जागा मिळायची. आता वास येतो म्हणून दिवसभर जागची हलत नाही. त्या मिस्त्रीला सांगा, एकदाचं नीट करून टाक. त्यांना गाडी फिरवायला मिळेल आणि मला श्वास घ्यायला."

ते गेल्यावर भावजी कुजबुजले, "खत. माशाचं कूट. वहिनी, झालं की."

"माशाचा वास आंबट असतो का, भावजी?"

भावजींनी विचार केला, आणि तो लांबणीवर टाकला.

*

डॉक्टरांची मुलगी नुकतीच कामावरून आली होती. पर्स खांद्यावरच होती आणि चेहऱ्यावर दिवसभराची दमणूक.

"माझ्या मनात मिस्त्रींविषयी काही नव्हतं," ती गाडीचे दार उघडत म्हणाली. "पण तीनदा, ताई? मी स्वतः गाडी त्यांच्याकडे नेते, स्वतः आणते. आणताना काही वास नसतो. बाबांनी सांगितलं तेव्हा मलाही पटलं."

"गाडी चालू करा. आधी आतलीच हवा फिरू द्या."

गार झोत आला. वास होता, पण अंधूक.

"आता बाहेरची हवा घ्या."

मुलीने कळ फिरवली. भपकारा असा आला की भावजी दाराबाहेर पडून थेट पांढऱ्या रेघेपलीकडे, वकिलांच्या हद्दीत जाऊन उभे राहिले.

"गाडी आणताना तुम्ही कोणती हवा घेता?"

"आतली. रस्त्यात धूळ फार असते." तिने यंत्र बंद केले. "आई होती तेव्हा असला वास कधी आला नाही. तिची एक सवय होती. घराजवळचं शेवटचं वळण आलं की ती ए.सी. बंद करायची आणि नुसता पंखा चालू ठेवायची. बाबा चिडायचे. म्हणायचे, दोन मिनिटं गारव्यात बसू दे की. ती म्हणायची, आतलं वाळू दे."

"त्या गेल्यानंतर डॉक्टर गाडी चालवत होते?"

"सुरुवातीला रोज. त्यांचे जुने मित्र गावाच्या दुसऱ्या टोकाला जमतात. मीच मागे लागायचे, घरात बसू नका म्हणून. मग तो पहिला वास आला आणि जाणं बंद झालं. मी गाडी नीट करून आणते, की पुन्हा तेच." तिचा आवाज उतरला. "म्हटलं ड्रायव्हर ठेवू, तर म्हणाले, मी काय लुळा झालोय? मला भीती वाटते, ताई. आई गेल्यापासून ते आटत चाललेत. जेवण अर्धं. एक दूध तेवढं घेतात. जन्मभर दुधाचं नाव काढलं की तोंड फिरवायचे, पण आता रात्री मी पेला भरून देते, तर हातात घेऊन बाहेर फेऱ्या घालत पितात. पेला रिकामा परत येतो. तेवढाच माझ्या जीवाला आधार."

वहिनींनी पुन्हा एकदा बॉनेटवरच्या ठिपक्यांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "तुम्ही हातपाय धुऊन घ्या. मी डॉक्टरांना भेटते."

*

डॉक्टर खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते. वहिनी त्यांच्या समोर बसल्या, भावजी डॉक्टरांच्या डाव्या हाताच्या कोचावर. भावजींनी नम्रपणे नमस्कार केला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"तुम्हाला त्या माणसाने नेमलंय," डॉक्टर वहिनींना म्हणाले. "म्हणजे तुम्ही त्याच्याच बाजूने बोलणार."

"मी अजून काहीच बोललेली नाही." वहिनींनी आपले कार्ड मेजावर ठेवले, भावजींच्या बाजूला.

डॉक्टर थोडा वेळ वाट पाहत राहिले. "तुमचं कार्ड वगैरे काही असतं का?"

वहिनींनी कार्ड उचलून मेजाच्या दुसऱ्या कडेला, डॉक्टरांच्या उजवीकडे ठेवले. डॉक्टरांनी ते लगेच उचलले. भावजी मनात म्हणाले, केवढा हा तोरा.

चहाची किटली मेजावर होती. डॉक्टरांनी पाहुण्यांसाठी स्वतः ओतायला घेतला. पहिली धार कपाच्या अलीकडे, बशीत पडली. त्यांचे ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या कपाला त्यांनी आधी किटलीची चोच टेकवली, आणि मग ओतले. कप दोनच भरले, एक वहिनींसाठी, एक स्वतःसाठी. भावजींचा घसा कोरडाच राहिला.

"मिस्त्रीनेच टाकलं, असं तुम्हाला का वाटतं?"

"दुसरं कोण टाकणार? त्याचा फायदा आहे."

"गाडी चालवायची आवड होती तुम्हाला?"

"होती." ते खिडकीकडे वळले. "आता त्या वासाने डोकं उठतं. मी हात लावत नाही तिला."

"मिस्त्री म्हणतो, उद्या त्याचं काम जाणार."

डॉक्टर खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "ते मी ठरवलेलं नाही. तो हॉस्पिटलचा प्रश्न आहे."

वहिनी उठल्या. चहा त्यांनी तसाच ठेवला होता. त्यांनी तो कप उचलून भावजींच्या हातात दिला.

बाहेर पायरीवर बसून भावजींनी चहा प्यायला आणि आपला निष्कर्ष मांडला. "वकील. कुंडीचा राग. नाहीतर धुणारा, ओरडा खातो रोज. डॉक्टर शिष्ट आहेत, पण तो काही गुन्हा नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, वहिनी. मी काय खुर्चीचा अभ्रा आहे?"

वहिनींनी कपाळ हाताने दाबले. "भावजी, कधीकधी वाटतं की उत्तर सापडू नये. मिस्त्रींना फोन करा. पाने, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यायला सांगा."

*

उन्हे कलली तेव्हा शेडमध्ये पाच माणसे होती. वकील कुंपणाशी घुटमळले, तेव्हा वहिनींनी त्यांना हात जोडून परत पाठवले. "तुमच्या कुंडीचं मी सांगते त्यांना. आता हे घरचं आहे."

डॉक्टर आपल्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. मुलगी त्यांच्या शेजारी.

"डॉक्टरसाहेब," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मुलगी चमकली. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच सांगा. बघू, तुम्हाला किती दिसतं."

"मिस्त्री, वायपरखालची ती जाळी काढा."

मिस्त्रीने वायपर सोडवले, खुंट्या काढल्या आणि जाळी उचलली. खालची पन्हळ पिवळट सायीच्या थराने माखली होती. मुंग्या तिच्यात अक्षरशः नांदत होत्या. वास उसळून वर आला.

"दूध," मिस्त्री म्हणाला. "देवा. बाहेरची हवा गाडी इथूनच तर ओढते. आणि मी कॉइल धूत बसलो."

"तुम्ही नेहमी जिथे सापडतं तिथे शोधलंत," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या वेळी तिथेच होतं. तो वास कोणी केलेला नव्हता. डॉक्टरांच्या पत्नी गेल्या, त्यांच्याबरोबर शेवटच्या वळणावरचा तो पंखा गेला. आत ओल राहायला लागली आणि बुरशी धरली. तुम्ही ती काढलीत. काम चोख होतं."

मिस्त्रीने नकळत खांदे सरळ केले.

"पुढचे वास वेगळे. आंबट. फिल्टर खळ घातल्यासारखे. बॉनेटवर पांढरे ठिपके, पण वर पत्रा आहे, पक्षी कुठून येणार? आणि मुंग्या पक्ष्याच्या विष्ठेसाठी एवढी चढण चढत नाहीत. कोणीतरी या जाळीत दूध ओतत होतं. त्याला किल्ली लागत नाही, बॉनेट उघडावं लागत नाही. मग कोण? मिस्त्रींच्या गॅरेजात गाडी दिवसभर असते. त्यांना टाकायचं असतं तर तिथेच टाकलं असतं. पण ठिपके पडत होते इथे, गाडी पुसून झाल्यावर. धुणाऱ्याने केलं असतं तर त्याने ठिपके पुसले असते, मला बोटाने दाखवले नसते. वकिलांना गाडी इथून हलायला हवी आहे, आणि वासामुळे ती हलेनाशी झाली."

"मग राहिलं कोण?" भावजींनी विचारले, आणि मुलीकडे पाहून ते दचकले.

"त्या नव्हेत. त्या तर दर वेळी गाडी दुरुस्त करून आणत होत्या." वहिनींचा आवाज आणखी खाली आला. "प्रश्न उलटा करून बघा, भावजी. गाडी चालू नये, असं कोणाला हवं होतं? तुम्ही मघाशी रागावला होतात ना, डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहिलं नाही म्हणून? कुठे बसला होतात तुम्ही?"

"त्यांच्या डावीकडे."

"मी कार्ड आधी कुठे ठेवलं होतं? ओरखडे कोणत्या बाजूला आहेत? वकिलांची कुंडी, आरसा, ही रेघ? सगळं डावीकडे. आणि एकाच डोळ्याने पाहणाऱ्याला अंतराचा अंदाज येत नाही. चहा कपाच्या अलीकडे पडतो. दूध जाळीच्या अलीकडे पडतं. चहाच्या वेळी चोच टेकवता येते. इथे अंधारात, पेला हातात घेऊन फेऱ्या घालताना, काय टेकवणार?"

मुलीने वडिलांच्या तोंडाकडे पाहिले. तिचा हात हळूहळू खांद्यावरच्या पर्सवरून खाली आला.

"बाबा. ते दूध?"

"मला कधीच आवडलं नाही ते, पोरी," डॉक्टर म्हणाले.

मुंग्या आपल्या वाटेने चालल्या होत्या.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले. "डावा डोळा गेल्यातच जमा आहे. हा रोग वाजत-गाजत येत नाही. लोकांना जन्मभर हेच सांगत आलो. उशिरा आलेल्या प्रत्येकाला रागावलो, इतके दिवस काय झोपला होतात का म्हणून. आणि स्वतःचे डोळे स्वतः कधी तपासले नाहीत. तुझी आई आजारी होती, तेव्हा सुचलं नाही. नंतर समजलं, तेव्हा उशीर झाला होता."

"मला सांगायचं ना."

"काय सांगू? डोळ्यांचा डॉक्टर डोळा घालवून बसला? एका संध्याकाळी शाळेच्या वळणावर सायकलवरून एक बाई एकदम पुढ्यात आल्या. ब्रेक लागला. त्या पडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. मी त्यांच्यावरच ओरडलो, अशा अचानक कशा आलात म्हणून. घरी आल्यावर कळलं. त्या अचानक आल्या नव्हत्या. त्या तिथेच होत्या. मला दिसल्या नव्हत्या."

त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"त्यानंतर तो कुबट वास सुटला. मला तर सुटकाच वाटली. म्हटलं, वास येतो म्हणून जात नाही. कोणाला काही सांगायला नको. पण तू गाडी लगेच नीट करून आणलीस. आणि म्हणालीस, बाबा, आता जा. मग मी काय करणार होतो? दुसऱ्या खेपेला तूच विचारलंस, हे पुन्हा पुन्हा कसं होतं? काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. तोंडातून निघून गेलं, तोच मिस्त्री टाकत असेल. मला वाटलं नव्हतं, ते इतकं लांब जाईल. आणि वाटलं, तेव्हा मी गप्प बसलो. गाडी थांबवली ते बरोबर केलं. बाकीचं नाही."

ते सरळ झाले. मिस्त्री त्यांच्या डाव्या हाताला, हातात ती घाणेरडी जाळी घेऊन उभा होता. डॉक्टरांनी संपूर्ण मान वळवली, मग खांदे वळवले, आणि मिस्त्री पूर्णपणे दृष्टीत येईपर्यंत ते वळत राहिले.

"मी तुमचं नाव खराब केलं," ते म्हणाले. "जाणूनबुजून. मला क्षमा करा, असं म्हणायला जीभ वळत नाही, पण म्हणतो."

मिस्त्रीने जाळी खाली ठेवली. तो म्हणाला, "साहेब, ओतायचंच होतं तर पाणी तरी ओतायचं. दुधाचा वास निघता निघत नाही."

मुलगी रडता रडता हसली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरही काहीतरी सैल झाले.

"उद्या मीटिंगमध्ये मी विषय मागे घेते," ती डोळे पुसत म्हणाली. "काहीतरी गैरसमज झाला होता, एवढं सांगितलं की पुरे."

"पुरे नाही," डॉक्टर म्हणाले. "गैरसमज झाला म्हटलं की लोक म्हणतात, आग असल्याशिवाय धूर निघतो का? मी येतो. मीच सांगतो, काय झालं ते. डोळ्यासकट." त्यांचा हात खिशात गेला. त्यांनी किल्ली काढली, पण ती कोणापुढे धरावी हे त्यांना ठरवता येईना. "फक्त मला कोणीतरी घेऊन जायला हवं."

"मी नेतो," मिस्त्री म्हणाला. "ही पन्हळ धुवायला अख्खा दिवस लागेल, गरम पाणी, साबण, मग ऊन. तोवर काचा खाली करून जाऊ."

त्याने किल्ली घेतली.

*

परतीच्या वाटेवर भावजी म्हणाले, "मी त्यांना शिष्ट म्हटलं."

"त्यांनाही तेच हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "शिष्ट म्हटलेलं चालतं माणसाला. दिसत नाही म्हटलेलं चालत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांनी ती करडी गाडी हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर येताना पाहिली. ॲम्ब्युलन्सचे काम टिकले होते. मिस्त्रीने तसे फोनवर आधीच कळवले होते. काचा खाली होत्या. मिस्त्री चालवत होता. डॉक्टर त्याच्या डावीकडच्या आसनावर बसून, आपला शाबूत उजवा डोळा त्याच्याकडे लावून, काहीतरी विचारत होते. बहुधा पन्हळीविषयी, कारण मिस्त्री स्टिअरिंगवरचा एक हात सोडून उताराचा कोन दाखवीत होता.

पुढे पन्हळ धुतली गेली, उन्हात वाळली, नवा फिल्टर बसला, आणि तो वास परतून आला नाही. आता मुलगी गाडी चालवते, कधी मिस्त्रीकडचा एखादा माणूस. घराजवळचे शेवटचे वळण आले की डॉक्टर स्वतः हात पुढे करून गारवा बंद करतात आणि नुसता पंखा चालू ठेवतात. कोणी चिडत नाही.

ज्याच्या डोळ्यांपुढचा अर्धा मार्ग मावळला, त्याला उरलेला अर्धा पुरेसा होवो, आणि त्यावर सोबत मिळो. ज्याच्या नावाला डाग लागता लागता राहिला, त्याच्या हातांना निर्मळ काम लाभो. जिने वडिलांसाठी रोज पेला भरला, तिच्या मायेला पुन्हा कोणी फसवू नये. आणि सत्य शोधता शोधता जी थकली आहे, तिच्या दाराशी एखाद्या तरी दुपारी कोणी न येवो, आणि पंख्याखाली तिला स्वस्थ झोप लागो.